एक टोपण जास्त

आत शिरताना मी अडकले ती फार तर दोन सेकंद, पण तेवढ्यात शेडमधले तिघंही गप्प झाले. नेहमीची पद्धत अशी की दोन्ही हात वर करायचे, आधी पाय आत सोडायचे, मग कंबर, मग छातीतला सगळा श्वास टाकून एक खांदा वर, एक खाली असं तिरकं होत डेकच्या गोल भोकातून सरकन् खाली जायचं. चार वर्षं मी हे डोळे मिटून करत आलेय. त्या शनिवारी आधी कंबरेनंच कुरकुर केली, आणि खांद्यांशी तर मी चक्क थांबले. पाय होडीच्या पोटात लोंबतायत, डोकं आणि हात बाहेर, बाटलीच्या बुचासारखी बसलेली. बाबांनी हातातला ब्रश तसाच धरून ठेवला. नितेशदादा, म्हणजे बाबांकडं काम करणारा हेदवीचा माणूस, माझ्याकडं बघायला नको म्हणून छपराच्या पत्र्याकडं बघायला लागला. आणि आप्पा, माझे आजोबा, खुर्चीत बसून सुतळीचा गुंता सोडवत होते ते म्हणाले, "वाढलीस गो बाय." बाजारात पापलेट महाग झालं असं सांगावं तसं. "मी नाही वाढले, तुमचं भोक आटलंय," मी म्हटलं आणि उरलासुरला श्वास टाकून खाली घसरले. दंडाची साल निघाली. वर सगळे हसले, मीही हसले. पण खाली बसल्यावर लक्षात आलं की हसताना आपण दंड घट्ट धरून ठेवला होता, आणि डोक्यात एकच गोष्ट चालली होती : आत येताना इतकं, तर बाहेर जाताना किती?

बाबांची शेड मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. आम्ही फायबरच्या होड्या करतो. मी 'आम्ही' म्हणते, कारण त्यातल्या नऊ होड्यांच्या आत मी आहे. होडीची बॉडी एका साच्यात करतात, डेक म्हणजे वरचं झाकण दुसऱ्या साच्यात, मग डेक बॉडीवर बसवून दोघांच्या कडा आतून जोडायच्या. काचेच्या धाग्यांची मॅट असते, तिच्या वीतभर पट्ट्या रेझिनच्या चिकट पाकात भिजवून त्या कडेवर बसवायच्या आणि ब्रशनं ठोकून ठोकून त्यातली हवा घालवायची. मागच्या बाजूला हे कुठलाही मोठा माणूस ओणवं होऊन करू शकतो. पण पुढं, नाळेकडं, होडी निमुळती होत जाते. तिथं आडव्या फळीमागं एक बंद कप्पा असतो आणि त्यात जायला डेकमधलं हे एकच भोक. माझ्याआधी तिथं लवूकाका जायचा. मग त्याचं लग्न झालं, पोट सुटलं आणि तो मुंबईला नोकरीला गेला. मी तेव्हा सहावीत, नुसती काडी. "मी जाऊ?" असं मीच विचारलं होतं. हे मला पक्कं आठवतं, आणि आठवून काही उपयोग नसतो, कारण त्यानंतर कोणी काही विचारलंच नाही. मी जाऊ का, असं मी नाही, की तू जाशील का, असं ते नाहीत. ते ठरून गेलं. पहिल्या वेळी आत उतरले तेव्हा वाटलं होतं फणसाच्या गऱ्यात बसलोय. फायबरमधून गाळून आलेला तो पिवळट, गोडसर उजेड, कानांना बाहेरचं सगळं दुरून ऐकू येणं, आणि बाबांचा आवाज वरून, "बरी आहेस ना गो?" वर्गात मी कोणाला दिसत नव्हते, घरात चुलत भावंडांत कोणाला दिसत नव्हते, पण त्या कप्प्यात मात्र माझ्यावाचून अडत होतं. अकरा वर्षांच्या पोरीला आणखी काय पाहिजे?

आप्पा लाकडाच्या होड्या बांधायचे. फायबरचं त्यांना कौतुक नाही. ते म्हणतात, "लाकडाला वाकवायचा तर आठ दिस समजवायला लागतं. ह्यो तुमचा फायबर रागीट. घटकेत तापतो, घटकेत वाकतो, नि मग डोकं फोडलंत तरी सरळ व्हायचा नाय." आणि ते खरंच आहे. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर घातला की ते चुलीशिवाय आतल्या आत तापायला लागतं. थर पातळ असेल तर उन्हात ठेवलेल्या तांब्याइतकं, जाड असेल किंवा हार्डनर जास्त झाला तर चटका बसेल इतकं. आणि ते एकटं तापत नाही, शेजारचा तयार झालेला भागही मऊ पडतो, पिळवटतो, आणि थंड झाला की तसाच वाकडा राहतो. म्हणून बाबांचे नियम. जोड थंड होईपर्यंत बॉडी तिच्या साच्यातून काढायची नाही, साच्यानं तिला धरून ठेवायचं. एका वेळी दोनच थर. आणि पट्ट्या सलग लावायच्या नाहीत; एक वीत लाव, एक वीत सोड, लावलेल्या थंड झाल्या की मग सोडलेल्या जागा भर. थंड झालं का, ते पंजाच्या पाठीनं बघायचं, आई ताप बघते तसं. हार्डनरचं माप म्हणजे त्याच्या बाटलीचं निळं टोपण. मगभर रेझिनला थंडीतल्या सकाळी दोन टोपणं, ऑक्टोबरच्या दुपारी एक, मे महिन्यात अर्धं. बाबा आधी ड्रमला हात लावतात, मग दाराबाहेर जाऊन नुसते उभे राहतात, मग टोपण भरतात. वजनकाटा आहे, पण तो आमच्याकडं धूळ खातो. कालवलेलं रेझिन टिकत नाही, म्हणून बादली, मग आणि बाटली वरून माझ्याकडं सोडतात आणि कालवायचं मी आतच. गणपतीनंतर तेही माझ्या हातात आलं. "हिचा हात बसलाय," असं बाबा नितेशदादाला म्हणाले ते मी ऐकलं होतं आणि दोन दिवस शाळेत उगाचच सगळ्यांशी छान वागले होते.

"आज निम्म्या पट्ट्या लाव नि ये वर," बाबांनी त्या दिवशी सांगितलं. "उरलेल्या उद्या सकाळी. चारला तुला ग्राउंडवर सोडतो." साडेचारला जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड चाचणी होती. चाचणीला जो हजर नाही तो संघात नाही, मग तो कोणी का असेना, असं सरांनी दोनदा सांगितलं होतं. खरं तर मी नववीपर्यंत पोक काढून चालायचे. वर्गातल्या मुलांपेक्षा उंच, आणि खांदे असे की मंडणगडच्या आत्यानं एकदा पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं, "पोरीनं जरा आवरून बसावं गो, हमालासारखे खांदे ते." मी आवरून बसले. दोन वर्षं आवरून बसले. दप्तर छातीशी धरून, मान पुढं काढून. मग यंदा जूनमध्ये सरांनी एकीची जागा रिकामी होती म्हणून मला चढाईला पाठवलं, आणि मी तीन जणींना शिवून, चौथीला ओढत मध्यरेषेपर्यंत घेऊन आले. सर म्हणाले, "हे खांदे कुठं लपवून ठेवले होतेस?" त्या रात्री मी आरशासमोर ताठ उभी राहिले आणि पहिल्यांदा आरशाच्या वरच्या कडेत माझं डोकं कापलं गेलं. जाम भारी वाटलं. तेव्हापासून मी हात वर न करता उत्तर देते, रिक्षावाल्याशी भांडते, आणि मोठ्यानं हसते तेव्हा तोंडावर हात ठेवत नाही. आणि आता, डेकखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, मी पुन्हा तशीच होते. मान पुढं, पोक काढलेलं, खांदे आवरलेले. नववीतली मी. ती इथं आतच राहात होती जणू, आणि दर वेळी मी खाली उतरले की ती माझ्या अंगावर चढून बसत होती.

उद्या सकाळी परत या भोकातून यायचं. परत ते दोन सेकंद, परत नितेशदादाचं छपराकडं बघणं, परत वाढलीस गो बाय. नको. तो विचार मी केला असं म्हणण्यापेक्षा तो माझ्या हातांनी केला. मगात रेझिन ओतलं, एक टोपण घातलं, आणि मग आणखी एक. लवकर घट्ट होईल, म्हणजे पट्ट्या घसरणार नाहीत, म्हणजे सगळ्याच लावून टाकता येतील. एक वीत लाव, एक वीत सोड हे लहान मुलांसाठी असतं. माझा हात बसलाय. मी नाळेच्या टोकापासून सुरुवात केली, डावीकडून नऊ, उजवीकडून नऊ, सलग, आणि दोन थर झाल्यावर वरून आणखी दोन, चढाईला जाते तशी, श्वास न घेता, कोणी शिवायच्या आत परत यायचं तशी. दुसरा मगही दोन टोपणांचा. मागच्या फळीतल्या पाणी निघायच्या भोकातून पंख्याचा पाइप वारा सोडत होता, तोंडाला मास्क, कपाळावर दिवा, आणि मी गुणगुणत होते. सव्वातीनला सगळं झालं. अठराच्या अठरा. ब्रश बादलीत टाकून मी मागं टेकले आणि कोणाला तरी सांगावंसं वाटलं की बघा.

आधी गालाला कळलं. कोणीतरी जवळ येऊन तोंडावर श्वास सोडतंय असं. मग वास बदलला, रेझिनचा नेहमीचा गोडसर वास टोकदार झाला आणि डोळ्यांत शिरला. उरलेल्या रेझिनचा मग मी उचलायला गेले तर तो हातात मऊ लागला आणि त्यातून बारीक धूर निघत होता. मी तो खाली ठेवला. वर दिला तर कळणार. माझ्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, तो चरचरला, आणि मी वर ऐकू गेलं का म्हणून श्वास रोखून बसले. पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या पडत चालल्या होत्या. पंजाची पाठ लावली आणि झटकन मागं घेतली. पंजा परत लावायचं धाडस झालं नाही, म्हणून नुसती बघत राहिले, आणि बघता बघता मांडीकडं लक्ष गेलं. वरच्या भोकातून शेडचा उजेड नेहमी माझ्या मांडीवर गोल पडतो, परातीएवढा. आता तो गोल नव्हता. एका बाजूनं दबून अंड्यासारखा झाला होता. मी मांडी हलवून बघितली. तो तसाच. नाळेशी होडी इतकी निमुळती की दोन्ही बाजूंचे जोड त्या भोकापासून वीतभरावर येतात. दोन्हीकडून ऊब आली, डेक मऊ पडला, खचला, आणि भोक चेपलं. हे सगळं मला तिथल्या तिथं समजलं, गणित सुटावं तसं स्वच्छ. आणि समजल्यावर मी जी उठले ती हात आणि डोकं बाहेर, खांदे आत. श्वास टाकला. तिरकी झाले. उलट तिरकी झाले. कडेचं फायबर कोमट चामड्यासारखं माझ्याबरोबर हलत होतं.

"हलू नको!" बाबा ओरडले. "जोर लावू नको, मृणाली! गरम आहे तो. आत्ता वाकेल तसा कायमचा राहील. खाली बस."

मी खाली बसले. वरून बाबांचा चेहरा अंड्यात दिसला. "काय झालं हे? तू कालवलंस ना?"

"हो."

"मग बरोबरच असणार." आणि चेहरा गेला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज लांबून आला, नितेशदादावर. "नवीन ड्रम कुठं ठेवलावतास? उन्हात ठेवलास तू तो. तापलेलं रेझिन दिलंस तिला."

"नाय ओ दादा, सावलीत होता."

"सावलीत! मग डेक काय आपोआप वाकला? किती वेळा सांगितलं तुला."

नितेशदादा कधीच उलट बोलत नाही. आप्पा पुटपुटले, "रागीट मेलो." मी आत बसून माझ्या घोट्याकडं बघत होते. तोंड उघडलं की दोन शब्द होते, दोन टोपणं, एवढेच, आणि ते घशाशी येऊन भोकातल्या माझ्यासारखेच तिरके होऊन अडकत होते. मला वाटलं, थोडं थांबू, आपोआप थंड होईल, मग सांगू. मग वाटलं, ड्रम खरंच उन्हात असेल. असूही शकतो. कोणी बघितलंय? आणि हे वाटल्यावर मला माझाच वास आला, घामाचा आणि रेझिनचा, आणि जागा एकदम फार लहान झाली. इतक्या वर्षांत तिथं मला कधी भीती वाटली नव्हती. आता प्रत्येक गुडघा, प्रत्येक कोपर कुठं आहे ते कळत होतं. जिथं मी संपते तिथं होडी सुरू होत होती, मध्ये काहीच नव्हतं.

बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला आणि दर्शनाचा आवाज आला. दर्शना आमच्या संघाची डावी कोपरा, माझी मैत्रीण. तिची ताई तिला सोडायला निघाली होती आणि मला घ्यायला वाट वाकडी करून आली होती. शेडमध्ये काहीतरी कुजबुज झाली, मग भोकात दोन वेण्या लोंबल्या.

"ए मृणे, चल ना. पावणेचार झाले."

"अडकलेय."

"कशात?"

"दिसत नाही काय? होडीत."

"मस्करी नको करू हां. सर मारतील."

"अगं खरंच. खांदे जात नाहीत."

ती फिस्सकन् हसली, आणि मलाही हसू आलं, आणि हसता हसता माझ्या नाकातून पाणी यायला लागलं. तिनं हात आत घातला. मी तो धरला. तिच्या बोटांना मैदानाचा, घामाचा, लाल मातीचा वास होता.

"सरांना काय सांगू?"

"सांग, होडीत अडकली."

"विश्वास ठेवतील?"

"कशाला ठेवतील?"

"नितेश, ग्राइंडर लाव," बाबा म्हणाले. अगदी सहज. "कडेनं चार बोटांची फोड काढतो. पोरीला जायचंय."

माझा त्यांच्या आवाजावर विश्वास बसेना. मी इतका वेळ मनात त्यांना डेकशी माझं वजन करताना बघत होते. दोन महिन्यांचं काम एका पारड्यात, माझी चाचणी एका पारड्यात. त्यांनी पारडं हातातच घेतलं नव्हतं. दर्शनाचा हात वर गेला. "ये गो, पाच मिनिटांत निघू," ती म्हणाली. ग्राइंडरची वायर जमिनीवरून घासत आल्याचं ऐकू आलं, मग एकदा तो घूं करून फिरला आणि थांबला. आणि मला कळलं की आता गप्प बसलं तर मी सुटले. चार बोटं कापायची, खांदे बाहेर, स्कूटी, ग्राउंड. फक्त बाबांना वाटत होतं की आत निम्म्याच पट्ट्या आहेत, दोन थरांच्या, एकाआड एक. तशा असत्या तर चार बोटं कापून काही बिघडलं नसतं. पण आत सलग चार थरांचा गरम पट्टा दोन्ही बाजूंनी डेकला खेचून बसला होता, ताणलेल्या रबरासारखा. कडा कापली की डेक उसळणार, जोड फाटत जाणार, आणि बॉडीची कडाही घेऊन जाणार. सगळीच होडी. आणि सगळे म्हणणार, नितेशनं ड्रम उन्हात ठेवला.

"थांबा," मी म्हटलं. मास्कमधून ते बाहेर गेलंच नाही. मास्क खाली ओढला. "बाबा, थांबा! दोन टोपणं घातली मी."



"दोन?"

"दोन्ही मगांना. आणि सोडून सोडून नाही लावल्या. सगळ्या लावल्यात."

"थर किती?"

"चार."

"एकदम?"

"एकदम."

"आवशीचा घो," आप्पा म्हणाले. फार हळू.

बाबांचा चेहरा परत अंड्यात आला. मला वाटलं आता ओरडतील, आणि मी त्यासाठी मान आत ओढून तयार बसले होते. पण ते नुसते बघत राहिले, माझ्याकडं नाही, माझ्या पलीकडच्या अंधाराकडं. मग म्हणाले, "मला वरून काय दिसत नाही. तू आत आहेस. तूच सांग. कापू की थांबू?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. कालव, लाव, ठोक, ये वर, हे सांगितलेलं. मी पंजाची पाठ डावीकडं लावली, मग उजवीकडं. डावीकडं अजून धरवत नव्हतं. उजवीकडं तीन आकडे मोजेपर्यंत धरवलं. डेकचा मधला भाग कोमट आणि मऊ, म्हणजे अजून वळवता येईल, दीड तास तरी. आत्ता खालून उचलून धरला आणि भोकात गोल फळी बसवली तर तो गोलच थंड होईल. आत्ता म्हणजे आत्ता. हे सगळं मी मोठ्यानं बोलले, तुकड्या तुकड्यानं, आणि शेवटी म्हटलं, "थांबा. कापू नका." तो आवाज माझा नव्हता. बाबांचा होता, तोच तुटक, ड्रमला हात लावून आल्यावरचा. मला तो ऐकून आवडलं का भीती वाटली ते अजून सांगता येत नाही.

दर्शना म्हणाली, "आणि चाचणी?"

मी पंजा परत डावीकडं लावला. मग ताईचा हॉर्न परत वाजला. "मी जाते गं," असं तिनं होडीच्या अंगाला हात मारून सांगितलं, आणि तो थाप मारल्याचा आवाज आत माझ्या पाठीत लागला.

मग सगळं भराभर झालं. ओली पोती भोकातून आत आली, मी ती जोडांवर पसरली, वाफ झाली. दोन घड्या पाठीवर आणि खांद्यांवर घेतल्या. नितेशदादानं भोकावरच्या झाकणाच्या साच्याची जाड फळी आणली, अगदी गोल, मध्ये मूठभर भोक असलेली. "ही बसवली की तू बंद होशील," बाबा म्हणाले. "पंखा चालू आहे. पण तू बोलत राहायचंस. बोलायची थांबलीस की मी फळी काढली आणि कापला, मग डेक जाऊ दे खड्ड्यात. घालू?"

"घाला."

मी उकिडवी बसले आणि पाठीनं डेक वर रेटला. तो आला, बोटभर, दोन बोटं, जड झोपलेल्या माणसासारखा. वरून हातोडीचे तीन हलके ठोके पडले आणि अंधार झाला. दिवा मी मघाच घालवला होता, त्याच्या उजेडात धूर दिसत होता आणि तो बघवत नव्हता. "बोल," मूठभर भोकातून बाबा म्हणाले. काय बोलणार? सुचेना. मग तोंडातून जे आलं ते आलं, कबड्डी कबड्डी कबड्डी, हळू, एका श्वासाला एक रांग, श्वास संपला की नवी. वर नितेशदादा हसल्याचं ऐकू आलं. दहा मिनिटांनी मांड्या थरथरायला लागल्या. पोत्यातून ऊब पाठीत उतरत होती आणि ती ऊब कुठली, डेकची की माझी, हे कळेनासं झालं. गरम असताना जसं धरून ठेवाल तसंच ते राहतं, असं बाबा म्हणतात. मी आत कशी बसलेय? वाकलेली, मान खाली, खांदे आवळलेले. मी खांदे आवळायचे सोडून दिले, रुंद केले, होते तितके. डेकला ते बरोबर बसले. आणि तेव्हा एक विचार आला, अंधारात येतात तसला. मी थांबा म्हटलं ते डेकसाठी, की नितेशदादासाठी, की चाचणीत हरले तर काय या भीतीनं? इथं आत मला हरता येत नाही. इथं माझ्यावाचून अडतं. तो प्रश्न डोक्यात घेऊन कबड्डी कबड्डी म्हणत राहणं हे फार वाईट होतं. मी रडले बहुतेक, पण म्हणत रडले, म्हणजे फळी काढणार नाहीत.

कधीतरी बाबा म्हणाले, "साडेचार झाले." एवढंच. टोचायचं म्हणून नाही, लपवायचं नव्हतं म्हणून. मी एक रांग मोठ्यानं म्हटली. मैदानावर तेव्हा नाणं उडवत असतील, सर यादीतून नावं वाचत असतील, आणि माझ्या नावाला कोणी ओ देत नसेल. मला ती गप्प जागा अगदी स्पष्ट ऐकू आली. मग फायबर बारीक टिकटिक करत आवळायला लागलं. पाठीवरचं वजन हळूहळू वजन राहिलं नाही. मी पाठ बोटभर खाली घेतली. डेक आला नाही माझ्यामागं. राहिला. पंजाची पाठ लावली. दोन्हीकडं. उन्हातल्या तांब्याइतकं, मग सावलीतल्या.

"काढा," मी म्हटलं.

उजेड गोल पडला. पूर्ण नाही, एका अंगानं जरा चपटा, पण गोल. मी हात वर केले, श्वास टाकला. बाबांनी एका बाजूनं आणि नितेशदादानं दुसऱ्या बाजूनं मनगटांना धरून ओढलं, दोन्ही दंड सोलून निघाले, आणि मी शेडच्या फरशीवर येऊन उताणी पडले. पत्र्यावर पलीकडच्या कारखान्याच्या दिव्याचा उजेड आला होता. पावणेसहा. आप्पांनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "जगलीस." बाबा वाकून डेकला हात लावत होते, कडेनं, जोडावरून, परत परत. मग नितेशदादाकडं न बघता म्हणाले, "ड्रम सावलीतच होता रे."

"जाऊ दे ओ," नितेशदादा म्हणाला.

"नितेशदादा, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं," मी पडल्या पडल्या म्हटलं. तो छपराकडं नाही, माझ्याकडंच बघून म्हणाला, "बोललीस ना."

आम्ही चहा प्यालो. दर्शनाचा फोन आला नव्हता, म्हणजे ती निवडली गेली होती आणि मला कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं. बाबा कोपऱ्यात, पुढच्या होडीच्या डेकच्या साच्याशी गेले होते. त्यात अजून मॅट घातलेली नव्हती, भोकाचं कडं नुसतं ठेवून बघितलेलं होतं. त्यांनी ते कडं उचललं, बाजूला ठेवलं, आणि मापाची पट्टी काढली.

"इकडं ये गो. हात खाली सोड."

मी गेले. त्यांनी पट्टी माझ्या एका खांद्यावर लावली, दुसऱ्यावर ओढली, आकडा बघितला. सोललेल्या दंडाला ती लागू नये म्हणून जरा वर धरली होती. "भोक दोन इंच वाढवतो," ते म्हणाले. "म्हणजे तुला त्रास नाही व्हायचा. बस होईल ना?"

त्यांच्या आवाजात माया होती, आणि तीच फार अवघड होती. मी त्यांच्या हातातून पट्टीचं टोक काढून घेतलं. ते त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवलं आणि दाबून धरलं.

"माझं नको, बाबा," मी म्हटलं. "तुमचं घ्या."

आप्पांच्या खुर्चीची करकर थांबली. बाबा सरळ उभे राहिले, ताठ, माप नीट यावं म्हणून.